पुढे सरकवलेला आस

सोलापुरातल्या त्या गिरणीच्या वखारीचे फाटक एका बोळात होते. बोळ इतका अरुंद, की त्यात लॉरी वळवणे शक्यच नव्हते. म्हणून लॉरी फाटकावरून पुढे न्यायची, आणि मग मागची जोडगाडी उलटी रेटत, डाव्या हाताला वळवत, फाटकाच्या दोन दगडी खांबांमधून आत घालायची असा शिरस्ता होता. जोडगाडी म्हणजे लॉरीच्या आकड्याला लांब दांडीने अडकवलेली दोन चाकांची गाडी. तिच्यावर कापडाचे गठ्ठे रचून रेल्वेच्या मालधक्क्यावर नेत. दिवसातून चार-पाच वेळा हा खेळ चाले आणि तो बघायला बोळातल्या विणकरांच्या बायका दारात येऊन उभ्या राहत. एकदा घातलेली गाडी पुन्हा बाहेर काढावी लागली तर त्या तेलुगूत काहीतरी बोलून हसत. पण असे क्वचितच होई. आमचा ड्रायव्हर एका दमात गाडी आत घाली.

‘आमचा’ हा शब्द मी आज लिहितो आहे. तेव्हा मी त्याला आमचा म्हणत नव्हतो.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवत. घरात पुस्तके नव्हती. चुकीची छापून वाया गेलेली पत्रके मात्र ढिगाने होती. कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापलेल्या बाजूवर वाचायला शिकलो. स्वदेशीची पत्रके, दारूविरुद्धची, मजुरांच्या सभांची. ‘बंधूंनो’ हा मी वाचलेला पहिला सबंध शब्द असावा. या शिक्षणाचा एक परिणाम असा झाला, की जगात दोनच बाजू असतात असे मला वाटू लागले. एक पत्रक काढणाऱ्याची आणि दुसरी, ज्याच्यावर पत्रक निघते त्याची. तिसरा कोणी मधे उभा असू शकतो, आणि दोन्ही बाजूंचे त्यालाच दिसत असते, हे कोणत्याही पत्रकात छापलेले नव्हते.

विसाव्या वर्षी मी स्वतः पत्रके लिहू लागलो. दुपारच्या सुट्टीत वखारीबाहेर लिंबाखाली बसून हमालांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. म्हणून ते मला मास्तर म्हणत. त्यांचा मुकादम पन्नाशीचा होता. अंगाने बारीक, आवाज मात्र बोळाच्या टोकापर्यंत जाणारा. एके दिवशी वाचन चालू असताना तो मधेच म्हणाला, “मास्तर, मुंबईचं ऱ्हाऊ द्या. आमच्या गाडीचं कायतरी लिवा की.”

“गाडीला काय झालं?”

“गाडीला काय व्हतंय! आमच्या कंबरांला झालंय.”

त्याने मला नेऊन दाखवले. लॉरी इतर कामाला जाई तेव्हा जोडगाडी सोडून वखारीत ठेवत, आणि ती अशी सुटी असतानाच गठ्ठे भरत. तिची दांडी एका बुटक्या दगडावर टेकलेली असे. लॉरी परत आली की सहा हमालांनी भरल्या गाडीची ती दांडी उचलून आकड्यावर चढवायची. चाकांचा आस गाडीच्या पार मागच्या टोकाला होता, त्यामुळे जवळजवळ निम्मा भार दांडीवर येई. दोन जणांच्या कमरा धरल्या होत्या. एक जण तर महिनाभर घरी पडून होता.

“लई धुरजड हाय ही,” मुकादम म्हणाला. “बैलगाडी अशी भरली तर बैल लाथ घालंल. आमी कुणाला लाथ घालावी?”

बैलगाडीत बसलेल्या कुणालाही हे समजते. भार पुढे जास्त झाला तर गाडी धुरजड, मागे जास्त झाला तर उलाळ. आस मधोमध हवा, म्हणजे बैलाच्या मानेला त्रास होत नाही. मला वाटले, एवढी साधी गोष्ट गिरणीच्या साहेबांना कळत नाही, किंवा कळून घ्यायची नाही. मागणी मला तिथेच सापडली. आस पुढे घ्या.

ही गोष्ट ड्रायव्हरच्या कानावर गेली. तो वैरागकडचा होता. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला जाऊन मोटार शिकून आला होता. चाळिशी उलटलेली, उन्हाळ्यातही अंगात खाकी कोट. हमालांत तो मिसळत नसे, लॉरीच्या पायरीवर एकटा बसून भाकरी खाई. तो मालकाचा मिंधा आहे असे ठरवायला मला एवढे पुरले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो लिंबाखाली आला आणि बैलगाडीतून पडलेले कडब्याचे एक ताट, म्हणजे ज्वारीचे वाळके धाट, उचलून माझ्यापुढे उकिडवा बसला.

“मास्तर, जरा हितं बघा.”

हमालही वाकून बघू लागले. त्याने ताट धुळीत आडवे ठेवले आणि मागच्या टोकाजवळ अंगठा दाबला.

“ह्यो आस. पार मागं. हे म्होरलं टोक लॉरीला. आता म्या म्होरलं टोक उजवीकडं ढकलतो.” पुढचे टोक वीतभर सरकले. “शेपूट हाललं?”

“नाही,” मी म्हणालो.

मग त्याने शेपटाच्या डावीकडे एक खडा ठेवला आणि अंगठा ताटाच्या मधोमध दाबला. “आता आस तुमी म्हंता तितं.” त्याने पुढचे टोक पुन्हा वीतभर उजवीकडे ढकलले. मागचे टोक तेवढेच डावीकडे गेले आणि खडा उडाला. “गाडी मागं घेताना मी ढकलतो म्होरं, आन् मारतंय मागं. आस मागं असला की गाडी सावकाश वळती, शेपूट आसासंगं येतंय. आस मधी आला की लई चटकन वळंल, आन् आसाच्या मागं जेवढं लाकूड उरंल तेवढं झाडत जाईल. डाव्या अंगाला मला दिसत बी न्हाय.”

त्याचे म्हणणे मला कळले होते. हे मी आज कबूल करतो, कारण पुढे मी जे सांगितले त्याचा अर्थ ‘मला कळले नव्हते’ असा घेतला गेला. खडा उडाला तेव्हाच मला कळले होते. पण भोवती हमाल होते आणि माझे पत्रक मनात तयार होते.

“म्हणजे यांच्या कमरा मोडल्या तरी चालतील,” मी म्हणालो, “तुम्हाला गाडी सोपी पडली पाहिजे!”

“तसं कुटं म्हणलो मी?”

“मग काय म्हणालात?”

“आस हलवू नगा म्हणलो. वजनाचं दुसरं कायतरी बघू की.”

“दुसरं बघू, दुसरं बघू! मालकाच्या तोंडचं वाक्य पाठ केलेलं दिसतंय.”

हमाल हसले. मुकादम सगळ्यात मोठ्याने हसला. ड्रायव्हर उठला, गुडघ्याची धूळ झटकली आणि पायरीवर जाऊन बसला. दुसरे म्हणजे काय, हे मी त्याला विचारले नाही.

पत्रक चांगले झाले होते. वडिलांनीही खिळे जुळवताना मान हलवली. ‘धुरजड गाडीला बैल जुंपणाऱ्यास गावात कोणी माणूस म्हणत नाही, मग ती माणसांच्या कमरेवर लादणाऱ्यास काय म्हणावे?’ असा आरंभ होता. शेवटी एक परिच्छेद ड्रायव्हरवर. त्याचे नाव नव्हते, पण ‘कडबापंडित’ अशी पदवी मी त्याला दिली होती. ‘पोटाची भाकरी मालकाची, म्हणून पांडित्यही मालकाचे.’ हे पत्रक वखारीपासून नव्या पेठेपर्यंत वाटले गेले. आठवड्याच्या आत हमालांची पोरेसुद्धा लॉरी दिसली की “पंडित आला” म्हणू लागली.

मॅनेजरने मागणी लगेच मान्य केली. खर्च काय, लोहाराचे दोन दिवसांचे काम. आस तीन हात पुढे आला. पहिल्या भरल्या गाडीची दांडी दोघांनी उचलली. मुकादम मला ओढत घेऊन गेला आणि म्हणाला, “लावा हात मास्तर, एका बाजूनं तुमी!” मी उचलली. ती खरोखरच हलकी होती. हमालांनी बत्तासे वाटले. त्या दिवशीचा माझा आनंद खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो आठवला की मला जास्त लाज वाटते.

ड्रायव्हरला आता फाटकातून गाडी घालताना दोन-तीनदा मागेपुढे करावे लागे. विणकरांच्या बायका हसत, हमाल टाळ्या पिटत. “काय पंडित, आज पोथी घरी ऱ्हायली?” तो काही बोलत नसे. फक्त मुकादमाला त्याने एकदा सगळ्यांसमोर सांगितले.

गाडी आत येताना मुकादमाची जागा ठरलेली असे. डाव्या खांबाला पाठ लावून तो उभा राही आणि गाडीच्या फळीवर तळहाताने थाप मारी. एक थाप म्हणजे येऊ द्या, दोन थापा म्हणजे बास. ड्रायव्हरला डावे अंग दिसत नसल्याने तो या थापांवर गाडी चालवी. आस मागे होता तेव्हा ती जागा बिनधोक होती. फळी हळूहळू वळत यायची आणि मुकादमापासून हातभर अंतरावरून आत जायची.

“मुकादम, तितं उभं ऱ्हाऊ नगा,” ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला. “आता शेपूट तिकडंच येतंय. आत लांब उभं ऱ्हावा, वरडून सांगा.”

“व्हय पंडित,” मुकादम म्हणाला, “थांबा, कडबा आणतो, मंग शिकवा.”

सगळे हसले. मी तिथे होतो. मीही हसलो.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, सकाळच्या दुसऱ्या फेरीला, मी लिंबाखाली मुकादमाच्या भावासाठी एक अर्ज लिहीत बसलो होतो. एक थाप ऐकू आली. थोड्या वेळाने पुन्हा एकच थाप. ‘बास’च्या दोन थापा आल्याच नाहीत. त्याऐवजी जो आवाज आला तो माणसाचा आहे हे समजायला मला क्षणभर लागले. गाडीचे मागचे टोक एकदम डावीकडे झेपावले होते आणि फळीच्या कोपऱ्यात व दगडी खांबात मुकादमाचा उजवा हात सापडला होता. ड्रायव्हरने तत्काळ लॉरी पुढे घेतली. तो सगळ्यांच्या आधी उतरून धावला, कोट काढून हात गुंडाळला, आम्हाला ओरडून दांडी सोडायला लावली आणि मोकळी लॉरी घेऊन त्याला सरकारी दवाखान्यात नेले. हात कापावा लागला नाही. पण कोपर पुन्हा वाकले नाही.

चौथ्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत चौकशी झाली. हमालांच्या वतीने मला बोलावले होते. ड्रायव्हर टेबलासमोर उभा होता, कोट नव्हता. मॅनेजरने विचारले, “गाडी मागे घेताना तुझं लक्ष कुठे होतं?”

“लक्ष हुतं साहेब. आस म्होरं घेतल्यापासनं शेपूट हाणतंय. मी मुकादमाला उभं ऱ्हाऊ नगा म्हणलं हुतं.”

“कोणी ऐकलं ते?”

दाराशी उभ्या असलेल्या हमालांनी पायांकडे बघितले. आपण हसलो होतो, हे साहेबांपुढे कोण सांगणार?

“आन् आस हलवायच्या आधी ह्या मास्तरास्नी समजावून सांगितलं हुतं,” ड्रायव्हर म्हणाला. “इचारा त्यास्नी.”

मॅनेजरने माझ्याकडे वळून बघितले. तो हुशार माणूस होता. गाडीच्या बदलामुळे अपघात झाला असे ठरले असते, तर जबाबदारी गिरणीवर आली असती. आणि बदल कोणाच्या मागणीने झाला, हेही त्याच कागदावर आले असते. आम्हा दोघांनाही तो आस त्या खोलीत नको होता. तो मॅनेजर आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा एका बाजूला होतो, आणि एकमेकांकडे बघताना दोघांनाही ते कळले.

“असं काही बोलणं झालं होतं का?” त्याने विचारले.

मी म्हणालो, “माझ्याशी असं स्पष्ट बोलणं झालं नाही.”

ते लिहून घेतले गेले. मी खाली सही केली.

ड्रायव्हर चिडला असता, मला शिव्या दिल्या असत्या, तर बरे झाले असते. त्याने माझ्याकडे असे बघितले, जसे चुकीच्या गाडीत बसलेल्या माणसाकडे बघावे. मग टोपी उचलून तो बाहेर गेला. संध्याकाळी त्याला नोकरीचा दाखला मिळाला. त्यावर त्याच्या नावापुढे ‘निष्काळजीपणामुळे कामावरून दूर’ असे लिहिले होते. तो दाखला हातात घेऊन सोलापुरात कुठल्याही मोटारमालकाच्या दारात गेला तरी उपयोग नव्हता. तो गेला होता, असे मी नंतर ऐकले.

मी स्वतःला पटवण्यासारखे पुष्कळ बोललो. आसाला दोष दिला असता तर पुढे कोणतीच मागणी मान्य झाली नसती. एका माणसाच्या नोकरीपेक्षा चळवळ मोठी. आणि मी खोटे कुठे बोललो, ‘स्पष्ट’ हा शब्द घातला होता की. पत्रके लिहिणाऱ्याला असे शब्द सहज सापडतात. खरे कारण फार लहान होते. चौकशीच्या वेळी मुकादमाची बायको मॅनेजरच्या दाराबाहेर बसली होती, आणि तिच्यासमोरून मान वर करून जायला मला हवे होते.

चार-पाच महिने गेले. मी इतर विषयांवर लिहीत राहिलो. एका रविवारी मुकादमाच्या घरी गेलो. तो डाव्या हाताने भाकरी मोडत होता, तुकडे सांडत होते. इकडचे तिकडचे झाल्यावर तो म्हणाला, “मास्तर, एक सांगू? त्यानं मला सांगितलं हुतं. मी हसलो. साहेबांनी दवाखान्यात इचारलं तवा मी म्हणलो, ध्यानात न्हाय.” त्याने सांडलेले तुकडे डाव्या हाताने गोळा केले. “तुमी बी हुता की तितं.”

“होतो,” मी म्हणालो.

“मंग दोगं बी गप ऱ्हायलो म्हणायचं.”

दुसऱ्या दिवशी मी उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीने वैरागला गेलो. ड्रायव्हरचे घर विचारत त्याच्या भावाच्या मळ्यात पोचलो. तो विहिरीवर मोट हाकत होता. बैल उताराने खाली गेले की मोट वर येई, पाणी पाटात पडे, आणि मग तो कासरा ओढत बैलांना पावलापावलाने मागे चढवी. मला बघून त्याने काम थांबवले नाही. मी तसाच उभा राहून बोललो. चौकशीत मी खोटे सांगितले, माझ्यामुळे तुमची भाकरी गेली, मला क्षमा करा. येताना मोटारीत मी ही वाक्ये जुळवली होती. दोन मोटा होईपर्यंत त्याने ऐकून घेतले.

मग विचारले, “आस मागं घेतला का त्यांनी?”

“नाही,” मी म्हणालो.

“म्हंजे गाडी आजून तशीच फिरतीय?”

“हो.”

“नवा डायवर कोन हाय?”

“एक तरुण आहे. मला फारशी ओळख नाही.”

“आन् खांबापाशी कोन उभं ऱ्हातंय?”

मला तेही ठाऊक नव्हते. पाच महिने मी माझ्या पापाचा विचार करत होतो, आणि ती गाडी रोज चार-पाच वेळा त्याच फाटकातून शेपूट झाडत जात होती. तिचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

“मास्तर,” तो म्हणाला, “माफीचं मागनं बघू. आदी जाऊन आस मागं घ्या.”

“पण दांडी पुन्हा जड होईल. हमाल काय म्हणतील?”

“जड झाली तर झाली. उचलायची कशापायी?” त्याने बैल थांबवले. “दांडी ज्या दगडावर टेकत्यात त्यो गुडघ्याएवढा हाय. त्या जागी कंबरएवढा लाकडाचा टेकू करा. आकड्यापरीस दोन बोटं उंच, खाली पाचर. रिकाम्या गाडीचीच दांडी त्याच्यावर ठिवा, मंग गठ्ठे भरा. लॉरी मागं घेऊन आकडा दांडीखाली आणायचा, पाचर ठोकून काडायची, दांडी आपसूक बसती. पलटणीत आसंच करत हुतो. माणसानं उचलायचं कामच न्हाय.”

“हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?”

“सांगत हुतो की,” तो म्हणाला. “तुमी लई बोलत हुता.”

परत आल्यावर दुपारी लिंबाखाली मी हमालांना सगळे सांगितले. कडब्याचे ताट, चौकशी, सही, सगळे. मग एकाने विचारले, “मंग ते पत्रक खोटं हुतं म्हणायचं का मास्तर?”

“अर्धं खोटं होतं.”

“कुठलं अर्धं? कारण मी ते समदं पाठ केलंय.”

ते हसले, पण मला मास्तर म्हणण्यातला त्यांचा सूर त्या दिवसापासून बदलला. तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही आणि होऊही नये. टेकूची गोष्ट त्यांना चटकन पटली. मॅनेजरने आस मागे घ्यायलाही हरकत घेतली नाही. त्या आठवड्यात नव्या ड्रायव्हरने खांबाचा कोपरा उडवला होता. पण जुन्या ड्रायव्हरचा दाखला बदलून द्या, असे मी म्हणताच त्याने कपाटातून चौकशीचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

“ही सही तुमचीच ना?”

“माझीच. पण मी खोटं सांगितलं होतं.”

“मग आता खरं सांगताय हे मी कशावरून धरू?” तो शांतपणे म्हणाला आणि कागद परत कपाटात ठेवला.

मग मी मला येत होते ते केले. पत्रक लिहिले. अपघात ड्रायव्हरच्या चुकीने झाला नाही. आस पुढे घेण्याची मागणी माझी होती. त्याने बजावले होते. चौकशीत मी खोटे बोललो. खाली माझे पूर्ण नाव. वडिलांनी जुळणी केली, पण या वेळी मान हलवली नाही. छापलेला गठ्ठा त्यांनी माझ्या हातात दिला. शहरात वाटायच्या आधी पत्रक ड्रायव्हरला दाखवावे म्हणून गठ्ठा घेऊन मी पुन्हा वैरागला गेलो.

त्याला वाचता येत नव्हते. विहिरीच्या काठावर बसून मी मोठ्याने वाचू लागलो. ‘बंधूंनो, सत्य हीच श्रमिकांची खरी संपत्ती होय...’

“ते ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “आस कुटं येतोय, तितनं वाचा.”

मी अर्धे पान सोडून दिले आणि तिथून वाचले. तो लक्ष देऊन ऐकत होता. दोन ठिकाणी “बराबर” म्हणाला. मी शेवटाला आलो तेव्हा त्याने विचारले, “माजं नाव कुटं आलं?”

मी पत्रकाकडे बघितले. ‘सदर ड्रायव्हर’ असे तीनदा होते. ‘एक प्रामाणिक श्रमिक’ असे एकदा. नाव फक्त माझे होते, ठळक टाइपात.

“नाव नाही घातलं,” मी म्हणालो.

“दाखल्यावर हाय की माजं नाव,” तो म्हणाला. त्यात राग नव्हता. दोन कागद शेजारी ठेवून बघावे, तसे तो बोलला.

“आजच परत जातो. नाव घालून पुन्हा छापतो. पूर्ण नाव, गावासकट. परवा सोलापूरभर वाटतो.”

त्याने पाटात अडकलेला पाला हाताने बाजूला केला. “आता नगं,” तो म्हणाला. “लेकीचं लगीन जमलंय. सोयरे बारशीचे हायत. मला काडून टाकलं ते त्यास्नी म्हाईत न्हाय. मी म्हणलोय, भावाला हात पायजे म्हणून आलो. तुमचं पत्रक निघालं की आदी त्यास्नी कळंल माजा दोष काय हुता, आन् मंग कळंल की दोष न्हवता. मधल्या टायमाला सोयरीक मोडती.”

“पण खरं तर—”

“खरं चौकशीच्या दिशी पायजे हुतं, मास्तर.”

तो उठला. मुंडासे सारखे करून बैलांकडे गेला आणि त्यांना मागे घेऊ लागला. जाताना घरी चहा घेऊन जा, असे मात्र त्याने सांगितले. त्याच्या बायकोने चहा दिला. मी कोण, हे तिला ठाऊक नसावे, कारण तिने मला परत या असे म्हटले.

पत्रकांचा गठ्ठा मी तसाच परत आणला. त्यातले एकही वाटले नाही. आज हे लिहितानाही मी त्याचे नाव लिहिलेले नाही, आणि ते न लिहिण्यात माझा काही थोरपणा नाही. त्या खोलीत ते नाव निर्दोष म्हणून घेता येत होते, तेव्हा मी ते घेतले नाही. आता, त्याने नको म्हटल्यावर, ते मला घेता येत नाही.